शाळेचा उंबरा

“दोन उंबरे, दोन घरं, दोन पट्ट्या,” म्हणत हंबीरराव तलाठ्यानं दोन्ही चौकटींवर गेरूनं खुणा केल्या, आणि शमशुद्दीन पिंजाऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली.

“रावसाब, घर एकच हाय. ह्यो म्होरला उंबरा शाळंचा.”

“शाळंच्या भिंती कुणाच्या?”

“माज्या.”

“मग उंबराबी तुझाच की.”

वाडीत भाऊ वेगळे झाले की नवा उंबरा पडायचा, म्हणून घरं मोजायची तर उंबरे मोजायची रीत. कोल्हापूर दरबारानं शिक्षण फुकट आणि सक्तीचं केलं, खर्चासाठी घरटी पट्टी बसवली, ती शमशुद्दीननं कुरकुर न करता भरली होती. शाळेला जागा मिळेना तेव्हा आपल्या घराचा पुढचा सोपाही त्यानंच दिला, बिनभाड्यानं. कापूस पिंजताना कमानीच्या आवाजानं पोरांचे पाढे चुकू नयेत म्हणून मधलं दार बुजवलं आणि आपल्यासाठी मागून नवं पाडलं. त्या शहाणपणाचं हे बक्षीस!

तो कोल्हापुरात कचेरीत गेला. तिथला कारकून म्हणाला, तलाठ्याला भेटा. तलाठी म्हणाला, कचेरीत जा. हेलपाटे घालून वहाण तुटली, तेव्हा कुठं हंबीररावाला त्याची दया आली.

“एक उंबरा बुजीव. खूण पुसतो.”

“कुठला?”

“शाळंचा. पोरं जातील की ओढ्यापल्याडच्या शाळंत.”

पोरं गेली असती. त्याची जरीना गेली नसती. त्याची बायको बिबीजान पोरीला ओढ्यापलीकडं धाडणार नव्हती. शाळा घरातच, म्हणून ती पाटी घेऊन बसत होती. आत्ता कुठं जोडाक्षरं लागायला लागली होती. दुसरी पट्टी भरायची शमशुद्दीनची ऐपत नव्हती, आणि असती तरी त्यानं ती भरली नसती, इतका तो चिडला होता.

घरी येऊन त्यानं चिखल तुडवायला घेतला.

“मागलं दार बुजीवतो. मधलं पुन्ना फोडतो,” तो म्हणाला.

“आन् मी पानी कुटनं आनू?” बिबीजाननं विचारलं.

“शाळंतनं.”

“पोरांच्या अंगावरनं घागरी न्हिऊ?”

“ने. आपलंच घर हाय.”

बिबीजाननं रिकामी घागर त्याच्या पुढ्यात आदळली. तलाठ्यानं मात्र शब्द पाळला, मागची खूण पुसली. मधलं दार उघडल्यानं आवाज थेट वर्गात जायचा, म्हणून घरी कमान चालवायची सोय उरली नाही. शमशुद्दीन ती खांद्यावर टाकून गिऱ्हाइकांच्या दारी जाऊ लागला.

एके दुपारी तो दमून परत आला. अंगभर कापूस चिकटला होता, भूक लागली होती. सोप्यात वर्ग भरला होता आणि जरीना उभी राहून धडा वाचत होती. शमशुद्दीननं वहाणा काढल्या, पाय उचलला आणि तसाच मागं घेतला.

“मास्तर,” तो हळू आवाजात म्हणाला, “आत येऊ का?”

मास्तरांनी पुस्तकावरून नजर न काढता हातानंच थांबायची खूण केली. जरीना एका शब्दावर अडखळली होती. शमशुद्दीन कमान सावरत बाहेर उन्हात उभा राहिला.