खरं लिहू का बरोबर?

निफाडच्या वाटेवरच्या त्या शाळेत पीटी शिकवायचे महेश सर, आणि पीटीचा मास्तर म्हणजे शाळेतला पडेल ते काम करणारा हक्काचा माणूस. खिचडीचे तांदूळ तपासा, मतदारयाद्या करा, जंताच्या गोळ्या वाटा. यातून वेळ उरला तर खेळ शिकवा. सरांनी कधी कुरकुर केली नाही. उरलेल्या वेळात त्यांना योगिनीचा खेळ बघायला मिळायचा, तेवढ्यावर ते खूश होते.

नववीतली योगिनी खो-खोत खांब धरून असा सूर मारायची, की रस्त्याने जाणाऱ्यानेही थांबून बघावं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं पोर सरांच्या हाताखालून दुसरं गेलं नव्हतं. पण दिवाळीनंतर तिचे वडील सावळीराम स्वतः शाळेत आले. भांडायला नाही, चांगला नमस्कार करून, टोपी हातात धरून बोलले.

"मास्तर, तुमच्यावर माझा लय विश्वास हाय. पण पोरगी आता मोठी झाली. मैदान रस्त्याला लागून, त्या कट्ट्यावर गाड्या लावून पोरं बसलेली. उन्हाळ्यापर्यंत धाडतो. तोवर कोणी बाई मास्तर आली तर ठीक, नायतर हिचा खेळ बंद."

बाई मास्तर आणायची कुठून? इथे एका मास्तरची मारामार. सर सगळ्या ओळखीपाळखी धुंडाळून दमले आणि गप्प बसले.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. नाशिकच्या एका कॉलेजातून एक मॅडम येणार होत्या. पोरांना खेळाची मनापासून ओढ किती, हे त्या छापील वाक्यांपुढे सहमत-असहमत लिहायला लावून मोजणार, आणि त्या मोजणीवरून तालुक्यातल्या एका शाळेला वर्षभरासाठी महिला प्रशिक्षक मिळणार, वर मैदानाला कुंपण. सरांना देव पावल्यासारखं झालं.

मग त्यांनी काय करावं? जे कुठल्याही मास्तरने केलं असतं तेच केलं. आदल्या दिवशी वर्गाची तयारी करून घेतली. 'आवडीने खेळतो' असं वाक्य आलं की पूर्ण सहमत. 'कोणी रागावेल म्हणून खेळतो' आलं की पूर्ण असहमत. कंटाळा, भीती असलं काही दिसलं की डोळे मिटून असहमत. पोरांनी माना डोलावल्या.

मृण्मयी मॅडम आल्या त्या हसतमुख, वयाने लहान, सरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. "ही परीक्षा नाही. यात चूक-बरोबर काही नसतं. मनात असेल तेच लिहा," असं त्यांनी सांगितलं आणि फळ्यावरही लिहिलं. सर मनातल्या मनात हसले. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं, म्हणून कोणी हात हलवत जातं का? छापील कागद आला की मार्क आले आणि ज्याचे मार्क जास्त त्याला बक्षीस, हे ते लहानपणापासून बघत आले होते.

कागद वाटून झाल्यावर मॅडमना मुख्याध्यापकांनी चहाला नेलं. वर्गावर सर उभे होते. योगिनीने हात वर केला. सर जवळ गेले तेव्हा तिने एका वाक्यावर बोट ठेवलं. 'मैदानावर मला मोकळं वाटतं.'

"सर, ती कट्ट्यावरची पोरं शिट्ट्या मारतात ना," ती हळू आवाजात म्हणाली. "सूर मारायला गेले की लय घाबरायला होतं. खरं लिहू का बरोबर लिहू?"

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर लिही, बाळा. तुझ्याचसाठी आहे हे."

मार्चअखेर निकाल कळला. प्रशिक्षक बाई दुसऱ्याच शाळेला मिळाल्या होत्या. सर तडक बस पकडून नाशिकला मॅडमच्या कॉलेजात गेले. मॅडमना त्यांना बघून आनंदच झाला.

"सर, तुमची शाळा सगळ्यात वर आहे! इतकी ओढ मला कुठेच दिसली नाही."

"मग बाई आम्हाला का नाही?"

"जिथे मुली खेळायला धजत नाहीत, तिथे दिल्या. तुमच्या मुलींना गरजच नाही हो."

सर खुर्चीच्या कडेवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. मॅडमचा चेहरा उतरला.

"मी फळ्यावर लिहिलं होतं, सर."

"तुम्ही आधी सांगायचं तरी, की कमीवाल्याला मिळणार म्हणून."

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी मुद्दाम कमीच लिहिलं असतं."

"मग मोजणी परत एकदा घ्या. पाया पडतो तुमच्या."

"आता तुमच्या शाळेचे कागद मला बाजूलाच काढावे लागतील. आणि त्या बाई तिकडे रुजू झाल्या, सर." मॅडमचेही डोळे भरून आले होते. पण भरल्या डोळ्यांनी कुंपण थोडंच उभं राहतं!

सर परतले तेव्हा शाळा सुटली होती. मैदानात योगिनी खांबाला टेकून उभी होती, आणि शाळेच्या फाटकापाशी सावळीराम गाडी चालू ठेवून तिची वाट बघत होते. सर बाईंसाठी नाशिकला गेलेत, एवढं बापलेकीला शाळेत कळलं होतं.

"सर, बाई कधी येणार?"

'पुढच्या वर्षी' हे खोटं सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण खोट्याची त्यांना आता धास्तीच बसली होती.

"नाही येणार. दुसऱ्या शाळेला मिळाल्या."

"आपल्याला कमी मार्क पडले?"

"नाही गं. पैकीच्या पैकी पडले."

तिला काही उलगडेना. मग सरांनी सांगितलं, "जिथल्या मुली मैदानावर घाबरतात, तिथं दिल्या त्या."

कट्ट्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. योगिनीने तिकडे पाहिलं नाही. खांबावरचा हात काढून तिने ओढणी नीट केली.

"पण मी घाबरते की, सर," ती म्हणाली.

फाटकापाशी सावळीरामांनी हॉर्न वाजवला. ती दप्तर उचलून निघाली. ती घाबरते हे सरांना माहीत होतं. तिने ते फक्त त्यांनाच सांगितलं होतं.