टेलरकाका सीसॉवर बसले तेव्हा

मी एक जुना सीसॉ आहे, मित्रांनो. बालवाडीच्या अंगणात, नळाच्या शेजारी माझा मुक्काम असतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. पण मी केली नाही, तर करणार कोण? घसरगुंडी? ती तर कोणाला क्षणभर वर टिकू देत नाही!

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. एक लांब फळी, मध्ये लोखंडी दांडा आणि दोन्ही टोकांना धरायला मुठी. सुतारकाकांनी रंधा मारून मला इतके गुळगुळीत केले, की एकाही मुलाच्या मांडीत कधी कुसळ गेले नाही.

वीस वर्षे मी मुलांना वर नेले आणि खाली आणले. माझ्याकडे फळा नाही, छडी तर नाहीच नाही. तरी माझ्यावर बसून मुले धीट झाली. भांडली, कट्टी घेतली आणि दोन मिनिटांत बट्टीही केली, कारण सीसॉ एकट्याने खेळता येत नाही. पुढे माझा रंग उडाला, दांडा गंजला आणि माझ्यावर ओली पायपुसणी वाळत पडू लागली. त्या दिवसांत मला फार वाईट वाटे.

मग बटण आली. टेलरकाकांची मुलगी, म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवले. अंगाने काडी, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ! तिने पायपुसणी उचलून बाजूला ठेवली आणि ती माझ्यावर बसली. समोर वर्गातला सगळ्यात गुबगुबीत मुलगा बसला. झाले! बटण जी वर गेली, ती वरच राहिली. दुसरी कोणी रडली असती. ही वरून टकामका बघत राहिली. आठवडाभर तिचे काहीतरी चालले होते. कधी स्वतः मागे सरके, कधी त्याला हाताने ओढी. एके दिवशी तिने त्याला दांड्याजवळ बसवले, आपण टोकाला बसली, आणि काय सांगू, आम्ही झुललो! बाईंनी खिडकीतून पाहिले आणि त्या एकट्याच हसल्या.

नेमके दुसऱ्याच दिवशी टेलरकाका तिचे नाव काढायला आले. मशीनवर बसून बसून पोट सुटलेले, गळ्यात मापाची टेप.

"बाई, शेजारची पोरं पानंच्या पानं लिहितात. हिला अजून एक अक्षर येत नाही. नुसता खेळ चाललाय! मी हिला दुसऱ्या शाळेत घालतो."

मला काळीज नाही, तरी धस्स झाले.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. "घाला की. पण त्याआधी पाच मिनिटं तिच्याशी खेळा, भाऊ."

काका लाजत लाजत टोकाला बसले. मी करकरलो, पण मोडलो नाही बरे! बटण अधांतरी लटकली.

"अहो बाई, धरा हिला! पडेल!"

तेवढ्यात वरून आवाज आला, "बाबा, पुढे ये."

काका बघतच राहिले. घराबाहेर त्यांची लेक कधी बोललीच नव्हती.

"अजून पुढे. अजून. दांड्यापाशी! आता पाय उचल."

काकांनी मुकाट्याने पाय उचलले. बटण हळूहळू खाली आली, आणि काका वर गेले.

"हे तुम्ही शिकवलंत?" त्यांनी विचारले.

"मी नाही. तिचं तिनंच शोधलं. हात, पाय, डोकं, धीर, सगळं एकदम कामाला लावलं पोरीनं. अक्षरंही येतील. आधी बोटांत जोर येऊ द्या."

पुन्हा खाली आल्यावर काका उठू लागले, तशी बटण वरून ओरडली, "सांगितल्याशिवाय उतरू नकोस, बाबा! तू उतरलास की मी आपटते!"

काका गपकन बसले. घंटा झाली तरी बसूनच होते. नाव काढायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले आणि माझ्या दांड्याला पोटभर तेल पाजले. इतका मान मला कोणी दिला नव्हता!

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना अडगळीत टाकू नका. अधूनमधून रंगाचा एक हात द्या. आणि तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप सांगा : मूल वर गेलेले असताना मध्येच उतरू नका.