माझ्यासाठी बुडवलेलं पोर

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेच्या अडगळीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी राहते. वर्षातून एक दिवस मला सिंहासन म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. तुम्हाला वाटेल, आता ही रडगाणं गाणार, माझी धूळ पुसा म्हणणार. तसलं काही नाही. मला शिसारी आली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म जवळच्या मंद्रूप गावातला. महादेवप्पा सुतारांनी मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या लाकडातून मला घडवलं. चार दिवस लागले. माझ्या दोन्ही हातांवर त्यांनी सिंह कोरायला घेतले आणि झाली मांजरं! "सिंह कुटं बघितलाय मी? मांजर रोज बघतो की," असं म्हणून त्यांनी वरून सोनेरी रंग फासला. शाळेचे तेव्हाचे हेडसर टेम्पो घेऊन मला न्यायला आले. महादेवप्पांनी टेम्पोत ठेवताना माझ्या खाली गोणपाट घातलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मी भलती खुशीत होते.

हेडसरांनी स्वतः एक नाटक लिहिलं होतं, 'प्रजापालक धवलसेन'. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की आमच्या शाळेचं गॅदरिंग येतं आणि तेव्हापासून दर गॅदरिंगला हेच नाटक होतं. त्यात चंद्रकोट नावाचं राज्य आहे. तिथली माणसं चांदणं दळून त्याच्या भाकरी करतात, ढगांना दावं लावून गोठ्यात बांधतात. एका वर्षी तिथलं तळं आटतं. तळ्यातला सात फण्यांचा जळनाग दरबारात येतो आणि राजा धवलसेनला म्हणतो, "तुझं सिंहासन मला दे आणि साधा माणूस होऊन रानात राबायला जा. नाहीतर प्रजेतलं एक पोर दे. दोन्हीतलं काहीही दे, तळं भरतो."

नीट ऐकलंत ना, मित्रांनो? सिंहासन दिलं तरी तळं भरणार होतं. राज्य वाचणार होतं, पोर वाचणार होतं. फक्त राजाला उठावं लागणार होतं.

राजा एक अख्खं गाणं होईपर्यंत विचार करतो. मग म्हणतो, "राज्याला राजा हवाच." आणि शिपाई पाठवून पाणक्याचं पोर आणवतो. स्टेजच्या दोन फळ्या काढून तिथं निळी साडी पसरलेली असते, ते तळं. पोराला त्यात उतरवतात आणि वरून फळ्या लावतात. तळं भरतं. राजा डोळ्यांना बाम लावून ढसाढसा रडतो आणि समोर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. कुणासाठी? राजासाठी! "किती सोसलं गं बाई राजानं!" पोरासाठी कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. आमच्या भागात मोठ्या माणसाचा मान टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन करतात. नाटक संपलं की पाहुणे स्टेजवर येतात आणि हा मान राजाचा करतात. राजाचं काम केलेल्या मुलाचा नाही, राजाचा. माईकवरून तसंच पुकारतात, "महाराज धवलसेन यांचा सत्कार!" सगळी शाळा उभी राहून मुजरा करते. मग फोटो निघतो. फोटोत नाग असतो, शिपाई असतात, पडदा ओढणारी पोरंसुद्धा असतात. बुडालेलं पोर तेवढं नसतं. मेलेलं पोर हसत फोटोत उभं राहिलं तर लोकांचं रडू वाया जाईल, असा हेडसरांचा नियम. फोटो होईपर्यंत त्यानं फळ्यांखालीच बसायचं.

पहिली काही वर्षं मीही फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू? टाळ्या पडायच्या, माझ्यावर झुळझुळीत पडदा घालायचे, मला वाटायचं हे सगळं माझ्यामुळेच. मग एका वर्षी यशपाल नावाचा चौथीतला मुलगा पाणक्याचं पोर झाला. वर सत्कार चालला होता आणि माझ्या पायांजवळच्या फळ्यांच्या फटीतून बारीक आवाज आला, "झालं का?" कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का?" तीनदा विचारलं त्यानं. मग गप्प झाला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नागानं मागितलं काय होतं? मला! मांजरतोंडी, बाभळीच्या, सोनेरी रंग फासलेल्या मला! मला सोडायचं नव्हतं म्हणून ते पोर खाली गेलं होतं. शी! त्या दिवसापासून तो राजा माझ्यावर बसला की माझं अंग आक्रसतं.

आणि पोर कसं निवडायचे, तेही ऐका. एकदा कापडवाल्या शेठजींची मुलगी निवडली होती. दुसऱ्या दिवशी शेठजी शाळेत हजर. "आमचं पोर बुडवता व्हय?" झालं, काम काढून घेतलं. तेव्हापासून हे काम वस्तीवरच्या पोरांकडे जाऊ लागलं, ज्यांच्या घरून कुणी भांडायला येत नाही त्यांच्याकडे. नाटकातला राजा पोर निवडतो तेही अगदी असंच. नाटक लिहिणाऱ्याला ते कळलं नाही, बघणाऱ्यांना कळलं नाही. कळलं ते एका खुर्चीला, आणि खुर्चीला विचारतो कोण?

वर्षं गेली. हेडसर वारले, नाटक राहिलं. माझा रंग उडाला, एक पाय डुगडुगायला लागला, उंदरांनी गादी कुरतडली. तीनशे चौसष्ट दिवस माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते उरलेल्या एका दिवसाचं.

यंदा पाणक्याचं पोर झाली बुद्धप्रिया, त्याच यशपालची लेक. तीही चौथीत. यशपाल आता वायरमन आहे, शाळेचे दिवे आणि स्पीकर तोच जोडतो. व्हरांड्यात गॅदरिंगचे तीस फोटो ओळीनं टांगले आहेत. त्यांच्याखाली तो वायर ओढत होता आणि लेक बाजूला उभी होती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"पप्पा, तुमचा फोटो कुठला?"

"त्यात मी न्हाय. मी खाली होतो."

"मग माझा पण नसणार?"

यशपाल वायरचं टोक उगाच पिळत राहिला. पोरीला टोपी नको होती, नारळ नको होता. तिला फक्त त्या भिंतीवर यायचं होतं.

तिथंच व्हरांड्यात चाललेल्या तालमीत तिनं नाटक बसवणाऱ्या श्रीदेवी बाईंना सरळ विचारलं, "बाई, राजाचा सत्कार कशाला? त्यानं तर मला बुडवलं."

"अगं, राज्य वाचवलं की त्यानं. आणि त्याला किती वाईट वाटलं बघ."

"मला पण वाईट वाटलं की बाई. मी तर मेले."

वर्ग खो खो हसला. राजाचं काम शिवूकडे होतं, गोरा, खणखणीत आवाजाचा मुलगा. तो मात्र हसला नाही. "बाई, खुर्ची देऊन टाकली असती तर?"

"मग राजा कसला तो?" बाई बोलून गेल्या आणि त्यांनी तालीम तिथंच थांबवली. त्यांनी सिद्धनाथ सरांना, म्हणजे आताच्या हेडसरांना, विचारलं की यंदा फोटोत बुद्धप्रियाला घेऊ या का. सर म्हणाले, "तीस वर्षांची प्रथा आहे, बाई. बघू." बघू म्हणजे नाही, हे शाळेतल्या पोरांना पहिलीतच कळतं.

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून यंदा जुन्या माणसांना पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. कुणाला तरी महादेवप्पांची आठवण झाली. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत. मला घडवलं त्यांनी, पण हे नाटक त्यांनी कधीच बघितलेलं नव्हतं. आजवर कुणी बोलावलंच नव्हतं त्यांना.

दुपारी चार वाजता नाटक सुरू झालं. महादेवप्पा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकवून. ढग गोठ्यात बांधले तेव्हा ते पोरासारखे हसले. जळनागानं सिंहासन मागितलं तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "दे की मग!" मांडवात हशा पिकला. पण शिपायांनी बुद्धप्रियाला दंडाला धरून आणलं आणि म्हाताऱ्याचं हसू मावळलं. ती खाली उतरली. फळ्या लागल्या. शिवू रडला, बाम जरा जास्तच लागला होता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"महाराज धवलसेन यांचा सत्कार!" सिद्धनाथ सरांनी माईकवरून पुकारलं. शाळा उभी राहिली. महादेवप्पा टॉवेल-टोपी घेऊन हळूहळू पायऱ्या चढले, माझ्यापाशी आले आणि थांबले. त्यांनी माझ्या मांजराच्या कानावर अंगठा फिरवला. तीस-बत्तीस वर्षांनी तो खरखरीत अंगठा लागला, मित्रांनो, आणि मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"ही माझी खुर्ची न्हवं?"

"होय, अप्पा. तुमचीच."

"हिच्यापायी पोर बुडवलं ह्येनं?"

"नाटक आहे, अप्पा," सर हसून म्हणाले. माईक त्यांच्या हातात चालूच होता.

"अय्यो, चार दिवसांचं काम हाय रे हे! मला सांगितलं असता तर दुसरी करून दिलो असतो की. पोर कोण करून देणार हाय?"

स्पीकरवरून ते साऱ्या मांडवात ऐकू गेलं. सर पुटपुटले, "टोपी घाला, अप्पा."

"ह्येला? न्हाय घालत."

तेव्हा शिवू माझ्यावरून उठला. इतक्या वर्षांत सत्कार व्हायच्या आत माझ्यावरून उठलेला तो पहिला राजा. त्यानं मुकुट काढून माझ्या गादीवर ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, राजाला नका देऊ. मी शिवू हाय."

"तुला देतो की बाळा. काम लई चांगलं केलास. पण आधी पोर कुटं हाय?"

आणि फळ्यांखालून आवाज आला, "मी हितं हाय! झालं का?"

यशपाल स्पीकरपाशी उभा होता. हातातली वायर टाकून तो धावत आला आणि त्यानं दोन्ही फळ्या उचकटल्या. बुद्धप्रिया वर आली, केसांत धूळ, गालाला जाळं चिकटलेलं. महादेवप्पांनी टॉवेल तिच्या अंगाभोवती गुंडाळला. "भिजलीस काय गं?" म्हणाले, जणू खाली खरंच पाणी होतं. टोपी तिच्या डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत आली. नारळ शिवूला मिळाला. श्रीदेवी बाई सरांना न विचारताच फोटोवाल्याला म्हणाल्या, "काढा हो, सगळ्यांचा काढा."

सगळे मावेनात. मी मध्ये येत होते. यशपालनं मला उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ फळ्यांच्या त्या भोकात सोडून दिलं. धाडकन आपटले. डावं मांजर तुटलं. वरून बुद्धप्रियाचा आवाज आला, "पप्पा, या की तुम्ही पण!" मी खाली निळ्या साडीत तोंडावर पडलेली, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

एकतिसाव्या फोटोत मी नाही. बुद्धप्रिया आहे, टोपीखालून नुसते दात दिसतात. शेजारी यशपाल आहे, खिशात टेस्टर.

अजून लोक भांडतात बरं का. सर म्हणतात प्रथा मोडली. काही पालक म्हणतात, हजारांसाठी एक गेलं तर काय बिघडलं, राजाला किती यातना झाल्या! झाल्या असतील. पण मी त्याच्या खाली होते, मित्रांनो. मला माहीत आहे. त्यानं डोळे पुसले, छाती बडवली, आकाशाकडे हात केले, पण बूड तसूभरसुद्धा हललं नाही. अशाला मी मान देणार नाही. तुम्ही द्यायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आता मी पुन्हा पोत्यांशेजारी आहे, एका मांजराची. माझी डागडुजी करू नका, मला रंग लावू नका. खिचडीला सरपण कमी पडलं तर खुशाल मला चुलीत घाला, बाभळीचं लाकूड छान जळतं. फक्त कुठल्याही फळीखालून कुणी "झालं का?" विचारलं, तर सत्कार थांबवा आणि आधी त्याला उत्तर द्या.