वच्छलाच्या जागी चंद्रपिया

चंद्रभान गुरुजींनी आमच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्याची चाल घेतली, याचा मला राग नाही. चाली घेतच आलेत सगळे. कजरी, चैती खेड्यातूनच मैफलीत गेल्या आणि तिथे शालू नेसून बसल्या. माझा राग वेगळा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

नागपूरजवळच्या आमच्या कुहीकडे धानाचा रोवणा करताना एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्या बायांनी ती उचलायची. शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेवटच्या वाफ्यात, जी बाई आता रांगेत नाही तिचं नाव घेऊन गाणं संपतं. माझी आई वच्छला बांधीतच साप चावून गेली. मला ती आठवतही नाही. तिचा फोटो नाही. दरवर्षी चिखलात घेतलं जाणारं ते नाव तेवढं माझ्याकडे होतं.

चौऱ्याहत्तर साली मी नागपुरात, महाल भागात गुरुजींकडे गायन शिकत होते. त्यांनी विचारलं म्हणून मी ते गाणं म्हणून दाखवलं. नाव कोणाचं, तेही सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. थोड्याच दिवसांत त्याची बंदिश झाली. शब्द ब्रज भाषेतले, चाल जशीच्या तशी, आणि आईच्या नावाच्या जागी गुरुजींची छाप, म्हणजे बंदिशीत गुंफायचं त्यांचं टोपणनाव, 'चंद्रपिया'.

मी विचारलंच. ते समजुतीने हसले. म्हणाले, "प्रेमिला, लोकगीत कोणाचंच नसतं."

कोणाचंच नसतं, तर तुमचं नाव तिथे कसं बसलं? हे अगदी ओठावर आलं होतं. पण असा गुरू दुसरा मिळणार नव्हता, म्हणून गिळलं.

सीताबर्डीवर त्यांची मैफल ठरली. तंबोऱ्यावर मी. यमुमावशी, आईची बहीण, एसटीने मुद्दाम आली. आत जाण्याआधी मी तिला सगळं सांगितलं. तिने पदर खांद्यावर नीट घेतला.

"चाल नेली त नेली. पण माह्या बहिणीचं नाव काहून पुसलं वं?"

मला लाज वाटली, ती गुरुजींची.

निवेदकाने 'स्वरचित बंदिश' म्हणून सांगितलं. टाळ्या झाल्या. गुरुजी शेवटच्या ओळीपर्यंत आले, 'चंद्रपिया' म्हणून थांबले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. गुरू थांबला की तीच ओळ शिष्याने भरायची असते. मी भरली. सूर तेच, लय तीच, फक्त नाव वच्छलाचं घेतलं.

तबलजी क्षणभर अडखळला. गुरुजींनी पुढे ओळ उचललीच नाही. ती मागच्या रांगेतून आली. बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल अशा आवाजात, बसल्या जागेवरून, यमुमावशीने आपल्या बहिणीचं नाव घेतलं.

गुरुजींनी मला पुन्हा शिकवलं नाही. न शिकवेनात का.