खालून वर

वरातींना भाड्यानं द्यायच्या आमच्या घोडीचा, चांदणीचा, मागचा पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, “दाबू नका. खालून वर नुसता हलका हात फिरवा.” आमचे मालक, म्हणजे माझे यजमान सावळीराम, जुने पैलवान. त्यांनी रगडायलाच घेतलं, चांदणीनं लाथ झाडली.

“सरका तिकडं!” मी खेकसले. येवल्यात तीस वर्षं पैठणी विणलीय. रेशीम न तोडता कसं धरायचं ते माझ्या बोटांना ठाऊक. दुपार पेंगुळली. चांदणीचे डोळे मिटले, ओठ लोंबला. मला वाटलं, मी उन्हाचेच धागे वर सारतेय.

आठवड्यात सूज उतरली. त्या संध्याकाळी मागावर बसून सुजलेला माझा पाय मालकांनी पहिल्यांदाच मांडीवर घेतला.

“खालून वर ना?” त्यांनी हळूच विचारलं.