ऐंशीतले बत्तीस

"आक्का, ह्यो भंगारात घाला आन् नवा घेऊन जावा. जुन्याचं लाड किती करायचं?"

शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात सयाजीनं नीलम्मांच्या संगणकाचा डबा उघडला होता. आत जुनी हार्ड डिस्क टकटक वाजत होती. नीलम्मा काउंटरला कोपर टेकून उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

"भंगार हाय का न्हाय ते मी ठरवीन की. तू दुसरी डिस्क दाखव."

उचगावात त्यांचं लग्नपत्रिकांचं काम होतं. निपाणीकडची सोयरीक म्हणजे एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. सुरुवातीला कन्नड जोडाक्षरं फुटकी निघायची. नीलम्मांनी सहा वर्षं खपून एकेक अक्षर स्वतः दुरुस्त केलं होतं. पण ती अक्षरं चालवणारं सॉफ्टवेअर २००६ सालच्या नव्या मशीनवर उघडतच नव्हतं. पुतण्याच्या, वीरेशच्या दुकानात त्यांनी करून बघितलं होतं. आणि उद्या एक पत्रिका द्यायची होती.

सयाजीनं बारीक वायरीची डिस्क पुढं केली.

"ही न्हाय बसायची. माझ्या मशिनात रुंद पट्टीची वायर हाय."

शोधाशोध करून त्यानं रुंद पट्टीची, ऐंशी जीबीची काढली. जोडली. मशीन चालू झालं आणि पहिल्याच काळ्या पडद्यावर अडकून बसलं. तीनदा.

"बघा! एवढी मोठी डिस्क ह्याला दिसतच न्हाय. म्हातारं झालंय ते."

"म्हातारं झालं म्हंजे मेलं व्हय रं?"

नीलम्मांनी चष्मा पुसला आणि डिस्कवरचं लेबल वाचायला घेतलं. संगणकाआधी वीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते, प्रुफं तपासली होती. मुंगीएवढ्या अक्षरांना त्या भीत नव्हत्या. लेबलावरच्या एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं.

"हितं बत्तीस लिवलंय. मागच्या काड्यांवरची ही बारकी प्लास्टिकची टोपी हिकडं बसवली, की डिस्क स्वतःला बत्तीसचीच म्हणून सांगती."

"आक्का, बाकीचं अठ्ठेचाळीस वाया जाईल की!"

"जाऊ दे. चिमटा आण."

खिळा उचलावा तशी त्यांनी ती टोपी उचलली आणि शेजारच्या दोन काड्यांवर बसवली. मशीन चालू केलं. पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं. सयाजीनं स्टूल पुढं सरकवलं. त्या बसल्या नाहीत.

विंडोज घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता जुन्या डिस्कातनं आधी अक्षरं घे. बाकीचं मागनं."

अक्षरं आली. उद्याची पत्रिका आली. मग जुन्या डिस्कनं एकदा किर्र केलं आणि ती कायमची थांबली. सहा वर्षांच्या पत्रिका आतच राहिल्या, त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाचीसुद्धा. नीलम्मांनी पदराचा काठ चिमटीत धरला.

"बंद कर," म्हणाल्या. "झाकण लाव."

सयाजी डबा उचलायला पुढं झाला. त्याला कोपरानं बाजूला सारून त्यांनी तो कडेवर घेतला आणि भर रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवली.

"मावशी, रिपेरीला न्यायचाय का?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"न्हाय. झालाय. मीच केला." डबा मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "खड्डं तेवढं चुकवून घे."