खरवडायचं नाही म्हणजे नाही!

मी एक मोटारगाडी बोलतेय. गोल डोळ्यांची, भरल्या अंगाची आणि वयाने तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा मोठी. 'क्लासिक' म्हणा हवं तर. कुणी 'जुनी' म्हणालं की माझं टाळकं सरकतं, आणि मग मला ढकलत न्यावं लागतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा निळा रंग असा गुळगुळीत होता की माशी बसली तर घसरायची. मालकांनी लग्न झाल्यावर लगेच मला घरी आणलं. त्यांचा जीव माझ्यावर, आणि मालकीणबाईंचा वचक आम्हा दोघांवर.

पहिल्याच वर्षी बाई माहेरी गेल्या असताना मालकांनी मला फाटकाच्या खांबाला घासलं. दारावर हा एवढा ओरखडा! बाई संध्याकाळी परतणार होत्या. मालकांना घाम फुटला. फाटक रंगवून उरलेला निळा रंग सापडला, माझ्या रंगाचा सावत्र भाऊ म्हणा, पण ब्रश काही मिळेना. मग ह्या शहाण्याने काय करावं? सासऱ्यांनी लग्नात दिलेला दाढीचा ब्रश आणला आणि लागले माझ्या दाराला फासायला! ब्रशचे केस गळून माझ्या अंगाला चिकटतायत, आणि हे आपले जीभ बाहेर काढून रंगात आलेले. ब्रश दगडासारखा कडक झाला तेव्हा भानावर आले आणि तो कचऱ्यात फेकला.

ओरखडा लपला. ब्रशचं काय?

"बाबांनी दिलेला ब्रश कुठंय हो?" बाईंनी विचारलं.

"मला काय विचारतेस? परवा तुझा भाऊ राहून गेला ना?"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. धाकट्या भावाने शपथा घेतल्या, बाईंनी ऐकलं नाही, आणि तो जो रुसून गेला तो गेलाच. पुन्हा तो ह्या घराची पायरी चढला नाही. मी सगळं पाहिलं होतं हो, पण देवाने मला तोंड दिलं नाही, हॉर्न दिला. कितीदा वाजवला! मालक म्हणायचे, वायरिंग बिघडलंय.

वर्षं गेली. मुलं मोठी झाली आणि आपापल्या गाड्यांत बसून निघून गेली. मालकांच्या त्या रंगाखाली माझ्या दाराला गंज धरला. एके दिवशी बाईंनी दाराला बोट लावलं, तर बोट सरळ आत!

"अहो, हिला नीट रंगवून आणा, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाका," त्यांनी निकाल दिला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि रेडिएटरमध्ये ते आधीच कमी होतं.

मग आमची वरात निघाली गॅरेजं बघायला. पहिल्या गॅरेजातला पेंटर भुवयांपर्यंत रंगलेला. दारावर टिचकी मारून म्हणाला, "सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागेल. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात." मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण खरवडायचं म्हटल्यावर मालकांना रंगाखाली चिकटलेले ते केस आठवले. "खरवडायचं नाही!" ते ओरडले, आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "ह्याच्या भुवया बघितल्यास? स्वतःला वाचवता येत नाही, गाडी काय रंगवणार!"

दुसरं गॅरेज आरशासारखं लख्ख. तिथेही खरवडणंच निघालं. "फारच स्वच्छ आहे," मालक म्हणाले. "कामं मिळत नसणार."

तिसरा पेंटर मात्र त्यांचा सख्खा निघाला. "खरवडायचं कशाला साहेब? वरून हात मारतो. एका दिवसात नवरी!"

मालकांची कळी खुलली. मी मनात म्हटलं, संपलं. वरून नवरी आणि आतून भुसा. दोन पावसाळ्यांत दार गळून पडणार आणि मी भंगारात जाणार.

"आणि खालचा गंज?" बाईंनी विचारलं.

"दिसणार नाही ना बाई."

"अस्सं? मग डोळे मिटून बसते. तूही दिसणार नाहीस." त्यांनी मालकांच्या हातातली किल्ली काढून घेतली, स्वतः स्टिअरिंगवर बसल्या आणि मला थेट भुवयावाल्याकडे नेलं. मालक मागच्या सीटवर, शाळेत निघालेल्या पोरासारखे.

खरवडणं सुरू झालं. एवढ्या गुदगुल्या मला जन्मात झाल्या नव्हत्या. मध्येच पेंटर थांबला. "बाई, ह्या गाडीला दाढी आलीय!"

बाईंनी ते केस चिमटीत धरले, बोटांत चोळले. मग फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो."

मालक छतावरचा पंखा न्याहाळत होते. तो बंद होता.

"तू संध्याकाळी येणार होतीस ना..." त्यांनी सुरुवात केली, आणि सगळं ओकले. बाई रंगाच्या डब्यावर मटकन बसल्या. आधी खो खो हसल्या, मग हसताहसता रडायलाच लागल्या. "माझ्या भावाला मी चोर म्हटलं हो! लहानपणी सायकलवरून फिरवलं त्याला, आणि चोर म्हटलं!"

तिथूनच त्यांनी फोन लावला. भाऊ आला. त्याने आधी माझं दार पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली. मालकांनी हात जोडले. "चुकलो रे. सांगशील ती शिक्षा."

"दाजी, रंग मी निवडणार."

पेंटरने रंगांचं पुस्तक उघडलं. भावाचं बोट निळ्यांवरून पुढे गेलं, राखाडीवरून पुढे गेलं, आणि गुलबक्षीवर जाऊन थांबलं.

"अरे, ही क्लासिक आहे!" मालक कळवळले. "हिचा काय दोष?"

"माझा होता?" भाऊ म्हणाला.

पेंटरने गुलबक्षीचे दोन हात मारले.

तेव्हा लोकहो, रस्त्यात एखादी गुलबक्षी म्हातारी दिसली तर खुशाल हसा. पुढे टोपी डोळ्यांवर ओढलेला ड्रायव्हर दिसेल, ते आमचे मालक. मागे दोघं एकाच वेळी बोलत असतील. मलाही दुकानांच्या काचांत स्वतःला बघायची लाज वाटते. पण हसून झालं की जरा वाट द्या. ताईचा भाऊ इतक्या वर्षांनी तिच्या घरी जेवायला चाललाय.